जोतिबाच्या डोंगरावर परदेशी विद्यार्थी उतरवणे : संयोजकांसाठी मार्गदर्शन

जे कुटुंब अनोळखी मुलाला किंवा मुलीला काही महिने स्वतःच्या घरात ठेवते, खाऊपिऊ घालते, ताप आला तर उशाशी बसते आणि त्याबद्दल एक पैसाही घेत नाही, त्याला परदेशी विद्यार्थ्याचे यजमान कुटुंब म्हणतात. असे कुटुंब शोधणे, ते टिकवणे आणि ठरलेल्या दिवशी विद्यार्थी त्याच्या ताब्यातून सोडवून पुढच्या कुटुंबाकडे पोचवणे, या तीन कामांना मिळून संयोजन असे नाव आहे. नवा संयोजक पहिल्या कामाची धास्ती घेतो. कोल्हापूर भागात धास्ती घ्यावी ती तिसऱ्याची.

अशा देवाणघेवाणीचे दोन मोठे प्रवाह आहेत. शिकागोत १९०५ साली सुरू झालेल्या रोटरीच्या युवा विनिमय योजनेत १५ ते १९ वयाची मुले साधारण एक शैक्षणिक वर्ष परदेशात राहतात, आणि या वर्षात त्यांनी एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहावे अशी पद्धत आहे. दुसरा प्रवाह एएफएसचा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या अमेरिकन रुग्णवाहिका चालकांची ही संघटना १९४७ पासून शाळकरी मुलांची ने-आण करू लागली. दुसरे काम पहिल्याइतकेच जोखमीचे आहे, हे संयोजकाला पहिल्या महिन्यातच पटते. कोल्हापूर रोटरीच्या ३१७० क्रमांकाच्या प्रांतात येते आणि गोवाही त्याच प्रांतात येतो. हा तपशील वरवर पाहता निरुपद्रवी आहे. प्रत्यक्षात मुलगा घरबसल्या ३१७० चा शोध घेतो, त्याला समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे दिसतात, आणि भर पावसाळ्यात तो पोहण्याच्या तीन चड्ड्या घेऊन धुक्यातल्या डोंगरावर उतरतो. पहिल्याच पत्रात जिल्ह्याचा नकाशा जोडावा आणि समुद्र किती लांब आहे ते लाल शाईने लिहावे.

डोंगर म्हणजे वाडी रत्नागिरी. कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे १८ किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फुटांवर हे गाव आहे. जोतिबाचे सध्याचे मंदिर १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांपासून साताऱ्याच्या खेड्यातल्या अल्पभूधारकापर्यंत असंख्य घराण्यांचे हे कुलदैवत आहे. विद्यार्थी विनिमयाचे संयोजक यजमान शोधताना सहसा शहरातले बंगले पाहतात, डोंगराकडे पाहत नाहीत. ही पद्धतीतली मोठी चूक समजावी. अनोळखी माणसे घरात उतरवून घेण्याचा जितका अनुभव या डोंगरावरच्या गुरव घरांना आहे, तितका कोणत्याही क्लबाच्या कोणत्याही समितीला नाही.

इथली व्यवस्था समजून घेतली तर पुढचे पुष्कळ काम वाचते. गावोगावचे भाविक डोंगरावर येतात ते ठरलेल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतात. आजोबा ज्या घरी उतरत, त्याच घरी नातू उतरतो. आंघोळीचे पाणी, पुरणपोळीचा नैवेद्य, अभिषेक, मुक्काम, सगळे त्या घराकडून होते. या नोंदणीसाठी घरातले कोणी दोनच प्रश्न विचारते : "गाव कुठलं? आडनाव काय म्हणायचं?" उत्तर मिळताच कोणत्या खोलीत सामान ठेवायचे आणि चहात साखर किती घालायची, हे ठरलेले असते. विनिमय योजनेचा अर्ज मात्र कित्येक पानांचा असतो. त्यात विद्यार्थ्याचे छंद, स्वभाव, आहार, लसीकरण, दंतवैद्याचा दाखला, पाळीव प्राण्यांविषयीचे मत आणि यजमानांना उद्देशून लिहिलेले भावपूर्ण पत्र असते. संयोजकाने हा अर्ज यजमानांना मराठीत वाचून दाखवावा. शेवटच्या पानानंतर घरातली आजी विचारील, "ते सगळं खरं, पण कुठल्या गावचं पोरगं?" त्याचे उत्तर तयार ठेवावे. गावाचे नाव उच्चारता येत नसेल तर देशाचे सांगितले तरी चालते. तिथून पूर्वी कोणी आले नव्हते एवढीच नोंद होते.

यजमान होऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांचे हेतू तपासणे हे संयोजकाचे कर्तव्य आहे. काही कुटुंबांना पाहुणा खरोखरच हवा असतो. काहींना दहावीत इंग्रजीला अडलेल्या चिरंजीवांसाठी बिनपगारी मास्तर हवा असतो. काहींचा डोळा चिरंजीवांच्या पुढच्या परदेशवारीवर असतो, आणि हा हेतू बेकायदा नाही. देवाणघेवाण या शब्दात देवाण आणि घेवाण दोन्ही आहेत. सर्वांत मोठा आणि सर्वांत भरवशाचा वर्ग मात्र शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी विद्यार्थी ठेवला म्हणून पुढे आलेल्यांचा असतो. ईर्ष्येने घेतलेला विद्यार्थी प्रेमाने घेतलेल्या विद्यार्थ्यापेक्षा काकणभर चांगलाच जेवतो.

घर पाहायला जाताना तारीख कळवावी लागते, आणि तारीख कळवली की घर पाहण्यात अर्थ उरत नाही. भिंतींना नवा रंग लागलेला असतो, इंग्लिश संडासाचे भांडे बसलेले असते, त्यावरचे प्लास्टिक अजून निघालेले नसते. चहापोहे नाकारू नयेत. नाकारल्यास कुटुंब आपण नापास झालो असे समजते. त्यानंतर घरातल्या सर्व प्रौढांची पार्श्वभूमी तपासायची असते. ही अट जिथे घरी आई, बाप आणि एक कुत्रा असतो अशा देशांसाठी लिहिलेली दिसते. इथे प्रथम प्रौढ मोजावे लागतात. थोरले काका खालच्या मजल्यावर असतात पण जेवायला वर येतात, आत्या दर श्रावणात महिनाभर राहते, पुतण्या तालमीत झोपतो आणि दुधाला घरी येतो. यांना घरातले धरायचे की नाही, याबद्दल नियमावली गप्प आहे. सगळ्यांना धरावे. ब्याऐंशी वर्षांच्या आजीला चारित्र्य पडताळणीचा कागद का लागतो हे समजावून सांगायला वेगळा दिवस राखावा आणि त्या दिवशी दुसरे काम ठेवू नये.

सरकारी कागदांच्या बाबतीत विनोदाला जागा नाही. परदेशी पाहुणा घरी आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती यंत्रणेला कळवण्याची जबाबदारी यजमानावर असते, आणि ती लॉजमालकाइतकीच खासगी घरालाही लागू आहे. वर्षानुवर्षे हे काम सी फॉर्म या नावाने चालत आले. १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा आला तरी २४ तास तेवढेच राहिले. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांच्या आत नोंदणीही करायची असते. कोल्हापुरात त्यासाठी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय गाठावे लागते. यजमान कुटुंब बदलले की पत्ता बदलतो आणि पत्ता बदलला की पुन्हा कळवणे आले. इतके करूनही डोंगरावर नवे कोणी आल्याची पहिली खबर पोर्टलवर जात नाही. ती पायऱ्यांवरच्या गुलाल-खोबऱ्याच्या दुकानात जाते आणि तिथून सर्वत्र पोचते.

स्वागताला किती माणसांनी जावे? योजनेनुसार यजमान दांपत्य आणि संयोजक पुरेसे असतात. प्रत्यक्षात शाहू महाराज टर्मिनसवर महालक्ष्मी एक्स्प्रेस येते तेव्हा फलाटावर दोन जीप भरतील इतकी माणसे उभी असतात, आणि विद्यार्थी उतरताक्षणी त्याची बॅग चौथ्या माणसाच्या हातात गेलेली असते. परदेशी मुलांना बॅग स्वतःच्या हातात ठेवायची सवय असते. ती या फलाटावर सुटते. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जाताना त्याने तो झेलून खाऊ नये, एवढी एक सूचना गाडीतच द्यावी.

आहार या विषयाला मार्गदर्शिकेत सर्वांत जास्त जागा द्यावी लागते, कारण यजमानांच्या लेखी दुसरा विषय नसतो. अर्जातला वैद्यकीय भाग सर्वांत आधी वाचावा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेली मुले परदेशात बऱ्याच संख्येने असतात आणि कोल्हापुरी स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट कुठे नाही हे सांगणे जास्त सोपे. अशा मुलाच्या यजमानांना लेखी सूचना द्यावी, त्याचे औषध घरात कुठे ठेवले आहे ते सर्व प्रौढांना दाखवावे आणि "एवढ्याशानं काय होतंय" या वाक्यावर घरात बंदी घालावी. ही थट्टेची गोष्ट नाही.

तिखटाचा प्रश्न त्यामानाने हलका आहे. विद्यार्थी तिखट खातो असे अर्जात लिहितो, कारण त्याच्या देशात मिरपुडीला तिखट समजतात. सुरुवात पांढऱ्या रश्शाने करावी. त्यात नारळाचे दूध आणि खसखस असते, दिसायलाही तो सौम्य असतो, आणि आपली फसवणूक झाली हे विद्यार्थ्याला दोन घोट घेतल्यावरच कळते. तांबडा रस्सा दुसऱ्या महिन्यात, मिसळीचा कट तिसऱ्यात. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध प्यायला न्यायचा मोह शहरातल्या काकांना हमखास होतो. विद्यार्थ्याचे पोट आणि त्याच्या आईची परवानगी या दोन्हींचा अंदाज घेऊन तो मोह आवरावा. रविवारचा पेच वेगळा आहे. कोल्हापूर शहरात रविवार हा मटणाचा वार, आणि जोतिबाचाही वार रविवारच. शहरातल्या कुटुंबाकडून डोंगरावरच्या कुटुंबाकडे आलेला विद्यार्थी रविवारी सकाळी आशेने स्वयंपाकघरात डोकावतो आणि त्याला पुरण शिजताना दिसते. याची पूर्वकल्पना दिली नाही तर तो आठवड्यातले वार चुकल्याची शंका घेतो. जेवण पुरे झाल्याचे शब्दांत सांगून उपयोग नसतो, ताटावर दोन्ही हात आडवे धरावे लागतात, तेही वाढणारीचा हात भांड्यात जाण्यापूर्वी. हे कौशल्य पहिल्या आठवड्यात शिकवले नाही तर त्याचा परिणाम थेट वजनावर दिसतो. यजमान तो परिणाम प्रगतिपुस्तकासारखा पाहुण्यांना दाखवतात.

रोटरीची मुलांसाठी चार निषेधांची सनद आहे : दारू नाही, नशा नाही, वाहन चालवणे नाही, प्रेमप्रकरण नाही. पहिल्या दोन बाबतींत घरचे लोक सावध असतात. तिसऱ्या कलमाचा भंग बहुतेक वेळा यजमानाकडूनच होतो, कारण घरातल्या थोरल्या मुलाने नवीन बुलेटची किल्ली पुढे करणे हा त्याच्या दृष्टीने पाहुणचार असतो. केर्ली फाट्यापासून वर येणाऱ्या घाटातली वळणे दाखवून हे कलम समजावावे. चौथ्या कलमासाठी संयोजकाने काहीही करायचे नसते. त्याची अंमलबजावणी गल्ली करते, आणि कोणत्याही समितीपेक्षा काटेकोर करते.

खोलीचे दार हा तक्रारींचा मोठा उगम आहे. विद्यार्थी दार लावून बसतो, कारण त्याला थोडा वेळ एकटे राहायचे असते. घरातले लोक दार ठोठावतात, कारण या घरात दार आजारी माणसाने किंवा रुसलेल्याने लावायचे असते. पाच मिनिटांनी आजी, दहा मिनिटांनी काकू आणि पंधराव्या मिनिटाला डॉक्टर अशी साधारण क्रमवारी असते. यावर उपाय म्हणून एक ठरावीक तास ‘अभ्यासाचा’ म्हणून जाहीर करावा. अभ्यासाच्या वेळी महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात कोणी आत जात नाही. फक्त दूध पाठवतात. घरची आठवण येऊन खरोखर खचलेला विद्यार्थी ओळखणे मात्र संयोजकाला जमले पाहिजे. पहिले काही आठवडे नवलाईत जातात, त्यानंतर मूल गप्प होते, जेवण टाळते, फोनला चिकटते. अशा वेळी त्याला घराबाहेर, यजमानांच्या अपरोक्ष भेटावे आणि बोलू द्यावे. यजमानांचा या दुखण्यावरचा उपाय उलटा असतो : ते त्याच्या आईला रोज रात्री व्हिडिओ कॉल लावतात आणि घरातली अकरा माणसे आळीपाळीने त्या बाईशी मराठीत बोलतात. हा उपाय शास्त्राला धरून नाही. त्याने मुलगा हसतो, हे खरे.

माघ महिन्यात खेटे येतात. पाच रविवार कोल्हापूरहून डोंगरापर्यंत अनवाणी चालत येण्याची ही प्रथा. अंबाबाईने जोतिबाची समजूत घालण्यासाठी अशीच पायपीट केली, असे सांगतात. विद्यार्थी याला ट्रेकिंग समजून नव्या बुटांसह हजर होतो. बूट सोडून चालण्याची त्याच्यावर सक्ती नाही, हे त्याला आणि यजमानांना दोघांनाही वेगवेगळे सांगावे. पहिल्या खेट्याला बूट घातलेले असतात, दुसऱ्याला ते हातात असतात.

संयोजनाची खरी परीक्षा चैत्र पौर्णिमेला होते. या यात्रेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातून लाखो माणसे डोंगरावर येतात. गावोगावच्या उंच सासनकाठ्या नाचवत आणल्या जातात, त्यांत निनाम पाडळीच्या काठीचा मान पहिला असतो. गुलाल, खोबरे आणि दवणा यांची उधळण दिवसभर चालते आणि संध्याकाळी पालखी यमाईच्या भेटीला जाते. संयोजकाने आदल्या दिवशी काही गोष्टी उरकाव्यात. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावायला सांगावे. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला गर्दीच्या वेळी गच्चीवरून पाहू द्यावे. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पाण्याची बाटली खांद्याला, आणि यजमानांचे नाव व फोन लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. चिठ्ठीवर पुजाऱ्याच्या घराचे नाव ठळक लिहावे, कारण त्या गर्दीत पोलिसालाही पत्ता कळतो तो त्याच नावाने. सासनकाठीला खांदा देण्याची इच्छा विद्यार्थ्याने व्यक्त केल्यास तिचे कौतुक करावे आणि काठीचा तोल ज्या दोऱ्यांवर राखतात, त्या दोऱ्याही त्याच्या हाती देऊ नयेत. एक संदेश त्याच्या आईवडिलांना आधीच पाठवावा : उद्या येणाऱ्या छायाचित्रांत मुलगा आपादमस्तक लाल-गुलाबी दिसेल, ते रक्त नाही.

याच दिवशी योजनेचा एक नियम आणि डोंगराची रीत समोरासमोर येतात. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र पलंग असावा, असा नियम आहे. यात्रेच्या रात्री यजमानांच्या तीन खोल्यांत सातारा, सांगली आणि बेळगाव भागातली चाळीस-पन्नास माणसे उतरलेली असतात. त्यांना नको म्हणता येत नाही. त्यांचे आजे-पणजे याच घरी उतरले होते आणि विद्यार्थी तर पावसाळ्यात आला. संयोजकाने या प्रसंगी पाहणी करू नये. केलीच तर अहवालात पलंग विद्यार्थ्याच्या नावावर असल्याचे नमूद करावे, जे सत्य आहे. पलंगावर पाडळीकडचे चौघे आडवे झोपलेले असतात. विद्यार्थी गच्चीवर असतो, त्याच्या एका बाजूला ढोलवाला आणि दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी मामा, आणि वर्षभरात तो इतका गाढ कधी झोपलेला नसतो. पहाटे आंघोळीच्या रांगेत त्याचा नंबर सव्विसावा लागतो आणि तो भांडून बाविसावा करून घेतो. मराठी भाषेची वेगळी परीक्षा घेण्याची गरज त्यानंतर राहत नाही.

कुटुंब बदलण्याचा दिवस दर तीन-चार महिन्यांनी येतो. तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी दिलेली असते, तरी त्या दिवशी ती कोणाला माहीत नसते. मुलाला बरे नाही, घरात पाहुणे आहेत, आज अमावस्या आहे, अशी कारणे क्रमाने पुढे येतात. अमावस्या संयोजकाने दिनदर्शिकेत आधीच पाहून ठेवावी. सामान बांधले गेल्यावर पहिले कुटुंब दुसऱ्या कुटुंबाला सूचना देते : याला दही चालत नाही, रात्री पंखा मोठा नको, उठवताना हाक मारू नका, पाय हलवा. दुसरे कुटुंब या सूचना मान डोलावून ऐकते आणि एकही पाळत नाही. पहिल्या आठवड्यात पहिली आई रोज डबा पाठवते. दुसऱ्या आईला हा स्वतःच्या स्वयंपाकावरचा शेरा वाटतो. हा वाद मिटवायला जाऊ नये. दोन डबे खाणारा विद्यार्थी तो आपोआप मिटवतो.

परतीच्या सामानाची मर्यादा विमान कंपनी ठरवते, बहुधा २३ किलोची एक बॅग. यजमानांच्या हिशेबात ती प्रत्येक घरामागे असते. कोल्हापुरी चपलांचे दोन जोड, कोल्हापुरी गुळाची ढेप, कांदा-लसूण चटणीची बरणी, पितळेची मूर्ती, आजीने शिवलेली गोधडी आणि प्रसाद म्हणून गुलालाची पुडी, असा ऐवज जमतो. चपला आणि गूळ या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, ही माहिती विमानतळावरच्या काट्याला सांगून फायदा होत नाही. गोधडी हातात घ्यावी. लाल भुकटीची पुडी परदेशी कस्टम्ससमोर उघडावी लागू नये म्हणून ती इथेच राहू द्यावी. खोबऱ्याची वाटीही काही देशांत आत नेऊ देत नाहीत. चटणी कपड्यांच्या मधोमध ठेवावी आणि ती फुटणार हे गृहीत धरून कपडे निवडावेत.

विद्यार्थी गेल्यावर संयोजकाचे काम संपता संपता एवढेच उरते : निघाल्याची नोंद, अंतिम अहवाल, विम्याचे कागद आणि पुढच्या वर्षीच्या यजमानांची यादी. यादीसाठी फिरावे लागत नाही. निरोपाच्या दिवशी शेजारच्या घराने इंग्लिश संडासाचे भांडे आणलेले असते. पाच-दहा वर्षांनी तो मुलगा नोकरीला लागून, बायकोला घेऊन परत येतो तेव्हा मात्र हे मार्गदर्शन त्याला लागू होत नाही. अर्ज, पाहणी, पडताळणी यांपैकी काहीही करायचे नसते. यजमानांनी २४ तासांत नोंद तेवढी करावी, ती कायद्याने बंधनकारक आहे. कोणत्या घरी उतरायचे हा प्रश्न संयोजकाकडे येत नाही, आणि नव्या सुनेला आजी गाव कुठले ते स्वतःच विचारते.